सभासदांची पोटे मोजलीच पाहिजेत

सभासद बंधू-भगिनींनो,

या पत्रिकेत माझ्याकडून लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, हुमणी आणि पाचट याच विषयांवर वाचण्याची आपणांस सवय आहे. या खेपेस विषय निराळा आहे. तो काढण्याचा मला काय अधिकार, असे कुणी विचारले तर माझ्यापाशी उत्तर नाही. मी डॉक्टर नव्हे. कृषी पदविका घेऊन कारखान्यात लागलो आणि बांधाबांधाने फिरत ऊस विकास अधिकारी झालो, एवढीच माझी विद्या. पण गेल्या गळीत हंगामात एक प्रसंग घडला, तो काही केल्या मनातून जात नाही.

माझ्या जुन्या गटातील एक सभासद, वय ४८. नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेले नाही. त्यांच्या आडसाली उसाला तोड आली होती. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघे फडात उभे होतो. "साहेब, खोडवा राखायचाय, टोळीला जमिनीलगत तोडायला सांगा," एवढे बोलून ते घरी गेले. पहाटे छातीत दाबल्यासारखे झाले, दरदरून घाम आला. गॅस धरला म्हणून ओवा खाल्ला, सोडा घेतला, तासभर वाट पाहिली आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे संपले होते. तिसऱ्या दिवशी गेलो, तर जो-तो एकच म्हणत होता, "जाड न्हवता, दारू न्हाई, तंबाखू न्हाई. असा कसा गेला?"

जाड नव्हते हे खरेच. हातपाय काटकुळे, गाल बसलेले. पण सदऱ्याखाली पोट होते. आपल्या भागात त्याला कुणी जाडपणा म्हणत नाही. ऊसबिल वेळेवर येऊ लागले, घर स्लॅबचे झाले की पोट सुटतेच, अशी आपली समजूत. "अंगाला लागलंय" म्हणून बायामाणसेही समाधान मानतात. त्यांच्या मृत्यूला पोटच कारण झाले असे मी म्हणणार नाही. म्हणणार तरी कशावरून? रक्तदाबाचा, रक्तातल्या साखरेचा, कशाचाही कागद त्या घरात नव्हता. सात-बारा, ऊस नोंदीची पावती, माती परीक्षणाचा अहवाल मात्र सगळे फाईलला लावलेले होते.

"असा कसा गेला" हा प्रश्न घेऊन मी तालुक्याच्या एका फिजिशियन डॉक्टरांकडे जाऊन बसलो. त्यांनी वाचायला दिले ते वाचले, जे समजले नाही ते पुन्हा विचारले. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपण चरबीला कोठार समजतो. जास्तीचे खाल्ले की साठते, उपास पडला की उपयोगी येते. शास्त्रज्ञही पुष्कळ वर्षे असेच समजत होते. ही समजूत मोडली ती एका लठ्ठ उंदरामुळे. अमेरिकेतील बार हार्बर या गावच्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली उंदरांच्या पैदाशीत एक अतिलठ्ठ वाण आढळले. हे उंदीर खातच सुटायचे. पुढे डग्लस कोलमन यांनी असा लठ्ठ उंदीर आणि चांगला उंदीर यांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडून पाहिले, तर लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले. म्हणजे चांगल्या उंदराच्या रक्तात "आता पुरे" असे सांगणारे काहीतरी होते आणि लठ्ठात ते नव्हते. ते काय, हे कळायला १९९४ साल उजाडले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या मंडळींनी त्याचा जनुक शोधून काढला. ते एक प्रथिन निघाले आणि ते तयार होते चरबीच्याच पेशीत! त्याला लेप्टिन असे नाव दिले. ग्रीक भाषेत लेप्टॉस म्हणजे सडपातळ.

म्हणजे चरबी नुसती साठत नाही, ती माल तयार करून रक्तात सोडते. गाळप करणाऱ्या कारखान्यासारखीच, फक्त हिचा हंगाम बारमाही. आजवर अशी कितीतरी प्रथिने सापडली आहेत. सगळ्यांची नावे सांगून आपणांस कंटाळा आणत नाही. काळजाशी ज्यांचा संबंध लावला जातो अशी चार-पाच सांगतो.

१९९३ साली बोस्टन येथे ब्रूस स्पीगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की लठ्ठ उंदरांच्या चरबीत टी.एन.एफ. नावाचे प्रथिन तयार होते आणि ते इन्शुलिनचे काम अडवते. वास्तविक हे प्रथिन जखम झाली, जंतू शिरले की शरीर वापरते. जंतू नसताना ते चरबीत कशाला? पुढे २००३ साली उलगडा झाला. मेदपेशी फाजील फुगल्या की त्यांच्या आसपास रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, जशा त्या गळवाभोवती होतात. म्हणजे सुटलेल्या पोटात आतल्या आत एक मंद दाह चालू असतो. दुखत नाही, ताप येत नाही, कळतही नाही. त्यातूनच इंटरल्यूकिन-६ हे आणखी एक प्रथिन सुटते. आतड्यांभोवतीच्या चरबीचे रक्त थेट यकृताकडे जाते, तेव्हा हा माल पहिला यकृताच्या दारात पडतो. मग यकृत सी.आर.पी. नावाचे प्रथिन बनवते, जे डॉक्टर कधीकधी रक्तात तपासतात.

हीच चरबी अँजिओटेन्सिनोजेन बनवते. त्यापासून पुढे जे द्रव्य होते ते रक्तवाहिन्या आवळते आणि दाब चढवते. शिवाय पी.ए.आय.-१ नावाचे प्रथिन बनवते. रक्ताची गुठळी विरघळवण्याची शरीराची जी सोय आहे, तिला ते खीळ घालते. हे शेवटचे जरा ध्यानात घ्यावे. हार्ट ॲटॅक बहुधा होतो तो काळजाच्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर तडकून त्यावर गुठळी बसल्यामुळे. थर वर्षानुवर्षे साचत असतो, गुठळी काही मिनिटांत होते. आदल्या संध्याकाळी फडात उभा असलेला माणूस पहाटे जातो तो असा.

याच्या उलट वागणारे एक प्रथिन आहे, ॲडिपोनेक्टिन. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर ते अमेरिकेत आणि जपानच्या ओसाका विद्यापीठात साधारण एकाच वेळी सापडले. तेही चरबीच बनवते आणि रक्तात लेप्टिनच्या साधारण हजार पट असते. गंमत अशी की चरबी वाढली की बाकीचा माल वाढतो, हा मात्र घटतो. इन्शुलिनचे काम नीट चालवणे, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला दाहापासून जपणे, अशी कामे हे प्रथिन करते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर उत्पादन वाढले आणि रिकव्हरी पडली. शेवटी शेवटी युरिया ओतलेला ऊस असाच असतो, काळाभोर, डोळ्यात भरणारा आणि गाळल्यावर निराशा करणारा.

आता इथे थांबून एक प्रामाणिक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर बाजारातल्या औषधवाल्यांत आणि माझ्यात फरक राहणार नाही. लठ्ठ माणसाच्या रक्तात एखादे प्रथिन जास्त किंवा कमी दिसले म्हणजे तेच गुन्हेगार, असे होत नाही. उसाचे पान पिवळे पडले की आपण लगेच फेरस सल्फेट आणायला धावतो, आणि बुडाशी पाहावे तर पाणी साचून मुळी कुजलेली. पिवळेपणा हा साक्षीदार, गुन्हेगार दुसराच. ॲडिपोनेक्टिनचे थोडेफार असेच निघाले. ज्यांच्या जनुकांमुळेच ते जन्मतः कमी किंवा जास्त असते, अशा माणसांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात कमी असणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो असे काही दिसले नाही. उलट हृदय आधीच थकलेल्या रुग्णांत ते जास्त असलेलेच लवकर दगावतात असे आढळले आहे. तेव्हा ते तारणहार आहे की नुसते आतल्या परिस्थितीचे चिन्ह, यावर अजून वाद आहे. मला ते चिन्हच वाटते.

लेप्टिनचेही तसेच. १९९९ साली केंब्रिजच्या डॉक्टरांनी नऊ वर्षांच्या एका मुलीला लेप्टिनची इंजेक्शने दिल्याचे प्रसिद्ध केले. तिच्या शरीरात ते मुळातच तयार होत नव्हते आणि वजन ९४ किलो झाले होते. तिचे खाणे आवरले, वजन उतरले. सगळ्या जगाला वाटले, आता लठ्ठपणा गेलाच! पण तुमच्या-माझ्यासारख्या साध्या लठ्ठ माणसात लेप्टिन कमी नसते, भरपूर असते. मेंदू ते ऐकेनासा झालेला असतो. बांधावरून शंभरदा हाक मारूनही मोटारीच्या आवाजात ऐकू येऊ नये तसे. त्यात आणखी हाका घालून काय उपयोग?

दाहाची बाजू मात्र पक्की ठरत चालली आहे. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांना दाह कमी करणारे एक औषध देऊन पाहण्यात आले, त्याचा निकाल २०१७ साली लागला. कोलेस्टेरॉलला हातही न लावता पुढचे ॲटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी घटले. अर्थात त्या औषधाने जंतुसंसर्गाचे मृत्यू थोडे वाढले, म्हणून ते सरसकट कुणी देत नाही. पण दाह नुसता साक्षीदार नाही, गुन्ह्यात त्याचा हात आहे, हे त्यातून दिसले.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. सगळी चरबी सारखी नसते. फ्रान्समधील मार्सेय शहराचे डॉक्टर जाँ वाग यांनी १९४७ सालीच सांगितले होते की मांड्या-नितंबांवर चरबी असणाऱ्यांपेक्षा पोटावर असणाऱ्यांना मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे रोग जास्त होतात. पुढे ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हेच दिसले. हार्ट ॲटॅकचा अंदाज बांधायला वजनापेक्षा कंबर आणि नितंब यांच्या घेरांचे प्रमाण अधिक उपयोगी पडले. त्यात भारतही होता.

आणि या बाबतीत आपण मराठी मुलखातली माणसे जरा दुर्दैवी आहोत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बाया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. शेतात राबणाऱ्या घरच्याच या बाया. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे सगळ्या बाजूंनी लहान, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीच्या कातडीखालची चरबी मोजली तर तिच्यात मात्र फारशी तूट नाही. वरून रोड, आतून मेदाचे. आपली ही ठेवण जन्मापासूनची आहे. पुढे २००४ साली याज्ञिकांनी आपला आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी बरोबरीचे, म्हणजे निर्देशांक दोघांचाही २२.३. पण यंत्राने चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! स्वतःच्या अंगातली चरबी जगापुढे मांडली, याबद्दल मला त्या डॉक्टरांचे मोठे कौतुक वाटते.

असे का व्हावे? पुष्कळ संशोधकांचे मत असे की कातडीखालची आपली साठवणीची जागा तोकडी आहे. आपल्या केन यार्डासारखेच समजा. यार्डात जागा आहे तोवर गाड्या शिस्तीत लागतात. यार्ड भरले की रस्त्यावर, दुकानांपुढे, शाळेच्या फाटकाशी उभ्या राहतात. कातडीखालची जागा संपली की चरबी आतड्यांभोवती, यकृतात, प्रत्यक्ष काळजाच्या भोवती जाऊन बसते. काळजाभोवतीची चरबी आणि काळजाचा स्नायू यांच्यामध्ये साधा पडदाही नसतो. तिचा माल तिथल्या तिथे पोचतो, वाहतुकीचा खर्चच नाही. इंग्रजाचे यार्ड मोठे, आपले लहान. म्हणून गोऱ्यांना लावलेले आकडे आपल्याला चालत नाहीत. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत हवी. बाईची ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत.

शहरात चरबी मशीनने ओढून काढतात, तसे केले तर? हा प्रश्न आमच्या ऑफिसातल्या एकाने विचारला. तेही करून झाले आहे. २००४ सालीच अमेरिकेत पंधरा लठ्ठ बायांच्या पोटावरची नऊ-दहा किलो चरबी अशी ओढून काढली आणि काही आठवड्यांनी रक्त तपासले. इन्शुलिनचे काम, दाहाची प्रथिने, ॲडिपोनेक्टिन, रक्तदाब, काहीही सुधारले नाही. कारण काढली ती कातडीखालची. आतली तशीच, आणि उरलेल्या पेशी तशाच फुगलेल्या. तेव्हा पोटाला बांधायचे पट्टे, चरबी जाळणारी पावडर, मोबाईलवर येणारे काढे यांवर ऊसबिलातला एक रुपयाही घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वजन कमी करणारी काही इंजेक्शने खरी आहेत. २०२३ साली त्यांतल्या एकाचा हृदयविकारावर उपयोग सिद्धही झाला. पण ती हृदयविकाराच्या डॉक्टरांनी ठरवायची गोष्ट, भाच्याने शहरातून आणून देण्याची नव्हे.

लेप्टिन, ॲडिपोनेक्टिन तपासून घेण्याचीही गरज नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि शिंप्याची टेप एवढ्यावर डॉक्टरांचे भागते. चरबी उतरू लागली की हा माल आपोआप बदलतो. वजनातले पाच ते दहा टक्के जरी उतरले तरी रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी सुधारते, असे अनेकदा दिसून आले आहे. ऐंशी किलोच्या माणसाने चार ते आठ किलो उतरवायचे, यात अशक्य ते काय? आणि रोजच्या भरभर चालण्याने आतली चरबी हटते, वजनकाट्याला फरक दिसला नाही तरीही.

पण चालतो कोण? माझे वडील रात्रीच्या बारीला दारे धरायला जात. सरीतून सरीत पाणी फिरवत पहाट व्हायची. आज खाटेवर पडून मोबाईलवरून मोटार सुरू होते, ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप फिरतो. त्यात वाईट काही नाही. ठिबक घ्या म्हणून गावोगाव सांगत मीच फिरलो आहे. पण पाणी वाचले, वीज वाचली तशी आपली पावलेही वाचली, आणि भाकरीची संख्या मात्र वडिलांच्या वेळचीच राहिली. ऊसतोड मजुराचे पोट सुटलेले मला क्वचित दिसते. म्हणून त्यांचे जिणे चांगले असे कुणी समजू नये. त्यांच्या पाठीच्या आणि मणक्याच्या दुखण्यांवर कधीतरी वेगळे लिहीन.

साखरेविषयी बोलल्याशिवाय सुटका नाही. मी कारखान्याचे मीठ खातो, खरे तर साखर खातो. तरी बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर रोजच्या अन्नातून मिळणाऱ्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या, म्हणजे साधारण सहा चमचे. गूळ आणि काकवीही त्यातच धरायची, "गुळाचा चहा चालतो" ही पळवाट नाही. माझा हिशेब असा : नोंदीच्या दिवसांत गावभेटीला निघालो की दहा घरी दहा चहा, प्रत्येकात दोन चमचे. नको म्हटले की घरधनीण म्हणते, "आमच्या घरचा चहा गोड लागत न्हाई व्हय साहेब?" वीस चमचे साखर मी अशी कित्येक वर्षे सभासदांच्या प्रेमापोटी प्यायलो. सवलतीची साखर घरी नेणे हा सभासदाचा हक्क आहे, तो सोडा असे मी म्हणत नाही. पण पोते घरात आले म्हणून ते घरातल्यांनीच संपवले पाहिजे, असा कायदा नाही.

आता माझी मागणी. कारखान्याच्या प्रत्येक गट ऑफिसात एक शिंप्याची टेप आणि एक वही ठेवावी. ऊस नोंदीला सभासद येतो, क्षेत्र, जात, लागणीची तारीख लिहून देतो, त्याच वेळी त्याची कंबर मोजून त्याला चिठ्ठी द्यावी. वार्षिक सभेच्या दिवशी मांडवाच्या बाजूला रक्तदाब आणि साखर तपासणीचे टेबल असावे. आणि ऊस पीक मेळाव्याच्या जेवणात बुंदीऐवजी मटकीची उसळ वाढली तर कुणाचे बिघडेल असे वाटत नाही. मा. चेअरमन साहेब आणि संचालक मंडळाने याचा विचार करावा अशी नम्र विनंती आहे.

माझ्या तोंडावर एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितले, "कारखान्यानं ऊस गाळावा, पोटं मोजू नयेत." त्यांचा मान राखून सांगतो. सभासद मयत झाला की ऊस नोंद वारसाच्या नावे करण्याचा अर्ज माझ्या टेबलावरून जातो. अर्ज घेऊन येणारा पोरगा कधी विशीतला असतो. त्याला बापाचे शेत कुठून कुठवर आहे हे ठाऊक असते, पण सोसायटीचे कर्ज किती, भावकीत काय ठरले होते, यातले काही ठाऊक नसते. दोन वर्षे त्या शेतातला ऊस कसातरी येतो, मग जमीन खंडाने जाते. कारखान्याला एकरी टनेज हवे असेल तर ते पिकवणारा माणूस साठीपर्यंत तरी हिंडता-फिरता हवा. हे ऊस विकासाचेच काम आहे, असे मी समजतो.

महिला सभासदांना एक वेगळी विनंती. पाळी गेल्यानंतर बाईची चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते आणि तोवरचे तिचे संरक्षण कमी होते. लुगड्यात ते कळत नाही. घरच्या घरी सुनेकडून किंवा लेकीकडून मोजून घ्यावे.

मोजायचे कसे? पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो आणि "माझी चौतीस" म्हणून सांगतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरावी, उघड्या अंगावर, पोट आत न ओढता, श्वास सहज सोडल्यावर. आणि छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा भरून येणे, असे झाले तर ओवा-सोडा करत बसू नये. रात्र असो की तोड चालू असो, लगेच कार्डिओग्रामची सोय असलेला दवाखाना गाठावा.

मंजुरी येईल तेव्हा येईल. माझ्या ऑफिसात मी माझ्या पैशाने टेप आणून खिळ्याला अडकवली आहे, खाली दोनशे पानी वही आहे. वहीतली पहिली नोंद माझीच आहे. गेल्या पाडव्याला ४१ इंच, परवा मोजली तेव्हा साडेअडतीस. सोमवार आणि गुरुवारी सकाळी नऊ ते अकरा मी जागेवर असतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी